जुन्या स्पीकरांतील कंडेन्सर बदलावे काय?

घाटावरील एका गांवाहून आमच्या एका जुन्या वाचकबंधूंचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र चार पानांचें असून त्यांतील तीन पानें घरांतील वादानेंच भरलीं आहेत. त्यांचे वडील बंधू सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वीं विलायतेहून परत येतांना स्पीकरच्या पेट्यांची एक जोडी घेऊन आले. त्या जोडीवर घरांतल्या तीन पिढ्यांनीं गाणें ऐकलें. वडील बंधूंचें वय आतां ऐंशीच्या घरांत आहे, आणि अलीकडे त्यांस गाणें तोंडावर उपरणें धरून गाइल्यासारखें वाटूं लागलें आहे. पुतण्या म्हणतो, पेट्यांच्या पोटांतील कंडेन्सर म्हातारे झाले. परदेशांतून उत्तम जातीचे मागवूं, दोन्ही पेट्यांचे मिळून अठरा हजार रुपये पडतील. पत्रलेखक म्हणतात, तेवढ्यांत माडीवरचे पत्रे बदलून होतात. वहिनींचें म्हणणें तिसरेंच आहे. त्या म्हणतात, पेट्यांस कोणीं हातच लावूं नये. एकदां आवाज बदलला कीं तो पुनः मिळावयाचा नाहीं. "आपण काय तो निकाल द्यावा," अशी विनंति करून पत्र संपविलें आहे.

दुसऱ्याच्या घरांतील निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु तिघांच्याहि म्हणण्यांत कांहीं ना कांहीं तथ्य आहे, आणि असाच प्रश्न अनेक घरांत उद्भवलेला असावा असें आम्हांस वाटतें. माळ्यावर टाकलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या पुनः खालीं येत आहेत, त्यांच्याबरोबर जुन्या पेट्याहि येत आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ "हें बदला, तें बदला" असें सांगणारे हितचिंतकहि येत आहेत. म्हणून या खेपेस या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

स्पीकरच्या पेटीस बहुधा दोन तोंडें असतात. मोठ्यास वूफर म्हणतात. तो खर्ज व मध्य स्वर सांभाळतो. लहान, रुपयाच्या नाण्याएवढा घुमट असतो त्यास ट्वीटर म्हणतात. त्याच्याकडे केवळ तीव्र स्वर. ॲम्प्लिफायरकडून येणारा सगळाच प्रवाह या लहानग्याच्या अंगावर लोटला, तर खर्जाच्या धक्क्यानें त्याची केसासारखी तार जळून जाईल. याकरितां पेटीच्या आंत वांटणी करणारी एक योजना असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. तींत मुख्य जिन्नस दोनच. एक तांब्याच्या तारेचें वेटोळें, ज्यास बाजारांत कॉइल म्हणतात, दुसरा कंडेन्सर. कॉइलमधून खर्ज सुखानें जातो व तीव्र स्वर अडतात. कंडेन्सरचें याच्या बरोबर उलट. आमच्या वाचकभगिनींस हें चाळणीच्या दृष्टांतानें चटकन् समजेल. एकाच दळणांतून रवा निराळा व पीठ निराळें करावयाचें. कोठें वेगळें व्हावयाचें तें चाळणीच्या भोकांवर अवलंबून. येथें भोकांच्या जागीं कंडेन्सरची धारिता, जी मायक्रोफॅरडमध्यें मोजतात.

परिभाषाकोशांत कंडेन्सरला धारित्र असें नांव दिलें आहे. धृ धातूवरून साधलेला हा शब्द अन्वर्थक आहे, व आम्हांस तो मनापासून आवडतो. परंतु पुण्याच्या तपकीर गल्लींत जाऊन "दोन धारित्रें द्या" असें म्हटलें, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेव्हां येथें बाजारचाच शब्द वापरतों.

आतां थोडा हिशेब. आठ ओहमच्या ट्वीटरपुढें पांच मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर असेल, तर वांटणीची सीमा सुमारें ४,००० हर्ट्झवर पडते. त्याखालीं प्रत्येक सप्तकास आवाज सहा डेसिबलनें उतरत जातो. कोणी विचारील, गाणाऱ्या बाईंचा तार षड्जसुद्धां हजार हर्ट्झच्या आंतच असतो, मग चार हजारांच्या वर राहिलें काय? तेथें स्वराचा देह नसतो, पण त्याचें तेज असतें. तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेचा टणकार, 'स', 'श', 'च' या वर्णांतील वारा, हें सर्व त्या प्रदेशांत नांदतें. तंबोऱ्याच्या घोडीची वक्र पृष्ठभूमि व तिच्यावरील सुताचा धागा यांमुळें तारेंतून उंच उंच स्वयंभू स्वर कसे उमटतात, याचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या एका निबंधांत केला होता. जवारी मेली तर तंबोरा कसा लागतो हें गाण्याच्या घरांत सांगावयास नको. कंडेन्सर बिघडला म्हणजे पेटीचें नेमकें तेंच होतें: स्वर असतो, जवारी जाते.

तो बिघडतो कां, हा पुढील प्रश्न. आणि येथें पुतण्याचें म्हणणें खरें आहे. जुन्या पेट्यांतून पुष्कळदां इलेक्ट्रोलिटिक जातीचे कंडेन्सर घातलेले असत, कारण थोड्या जागेंत व थोड्या पैशांत मोठी धारिता त्यांतच मिळे. अमेरिकेंतील अकूस्टिक रिसर्च या संस्थेची १९६७ सालची एआर-३ए ही नामांकित पेटी घ्या. तिच्या क्रॉसओव्हरमध्यें ६, ५० व १५० मायक्रोफॅरड अशीं मापें होतीं. दीडशें मायक्रोफॅरड प्लास्टिकच्या पापुद्र्याचे करावयाचे तर केवढें मोठें धूड झालें असतें! इलेक्ट्रोलिटिकमध्यें ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवितात, दोन पत्र्यांमध्यें विशिष्ट द्रावांत भिजविलेला कागद घालतात, गुंडाळी करतात, व डब्याचें तोंड रबराच्या बुचानें बंद करतात. आंत ओल आहे तोंवर सर्व ठीक. परंतु लोणच्याच्या बरणीचें झांकण कितीहि घट्ट असलें, तरी दहा-वीस उन्हाळ्यांनीं खार आटतो; तसेंच येथें होतें. ओल उडाली कीं धारिता घटूं लागते व अंतर्गत रोध वाढतो.

याचा परिणाम आंकड्यांनींच पाहूं. पांच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आटून तीनवर आला, तर सीमा चार हजारांवरून सहा हजार सहाशेंच्या आसपास सरकते, आणि ४,००० हर्ट्झवर ट्वीटरचा आवाज पूर्वीपेक्षां पावणेतीन डेसिबलनें कमी होतो. अंतर्गत रोध दोन ओहमनें वाढला, तर ट्वीटरचें सगळेंच राज्य सुमारें दोन डेसिबलनें खालीं बसतें. हें कानास स्पष्ट कळण्याजोगें आहे. उलट पांचाच्या जागीं साडेपांच असला, तर फरक अर्ध्या डेसिबलहूनहि कमी. तेव्हां सगळ्या गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या मानून घाबरण्याचें कारण नाहीं.

ज्या कंडेन्सरांत ओल नसतेच, म्हणजे पॉलिएस्टर अथवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पापुद्र्यांचे जे असतात, ते चाळीस वर्षांनींहि बहुधा आपल्या मापाशीं प्रामाणिक राहतात. पेटी उघडल्यावर असे आढळले, तर झांकण लावून टाकावें आणि चहा घ्यावा.

येथवर रोगाचें निदान झालें. आतां औषधाच्या किंमतीकडे वळूं, कारण भांडणाचें मूळ तेथें आहे. १९८० सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत अमेरिकेंतील 'ऑडिओ' मासिकांत वॉल्टर जंग व रिचर्ड मार्श या दोघांनीं कंडेन्सर कसे निवडावे यावर लेख लिहिले. कोणत्या पापुद्र्यांत शक्तीचा किती अपव्यय होतो, विद्युद्भार काढून घेतला तरी कोणता पापुद्रा थोडा चोरून ठेवतो, याची त्यांनीं साधार चर्चा केली. लेख विद्वत्तेचे होते व त्यांचा मुख्य रोख ॲम्प्लिफायरादि यंत्रांकडे होता. पुढें व्यापाऱ्यांनीं ती चर्चा उचलली, आणि आज तांब्याच्या पत्र्याचे, तेलांत बुडविलेले, चांदी-सोन्याचा अंश असलेले असे कंडेन्सर मिळूं लागले आहेत. एकेका नगास हजार-दोन हजारांपासून दहा हजार व त्याहूनहि पुढें मोजणारे लोक आहेत. मोजणाऱ्यांनीं आपल्या पैशांचें काय करावें तें आम्हीं सांगूं नये. परंतु मिळकतींतून काटकसरीनें चाललेल्या घरांत हा खर्च "आवश्यक" म्हणून शिरूं पाहतो, तेव्हां बोलणें भाग आहे.

आमच्या वाचकांनीं एकदां मान वर करून आपल्या छतावरील पंख्याकडे पाहावें. पंखा मंद झाला कीं वायरमन येतो, वाटींतील एक लहानसा पांढरा किंवा काळा ठोकळा बदलतो व पंखा पूर्ववत् फिरूं लागतो. तो ठोकळा कंडेन्सरच होय. त्यावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असें बहुधा छापलेलें असतें, आणि तो बहुतेक धातु चढविलेल्या पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, म्हणजे स्पीकरसाठीं म्हणून जो सामान्य उत्तम माल विकतात त्याच जातीचा. असे दोन नवे ठोकळे समांतर जोडले, कीं पांच मायक्रोफॅरड झाले. आणि दोहोंची किंमत मिळून दोन माणसांच्या उपाहारगृहांतील थालीपिठाहून अधिक होत नाहीं. कोणी म्हणेल, पंख्यांतला कंडेन्सर तर दोन-चार वर्षांत उतरतो, मग तो स्पीकरांत कसा टिकेल? शंका रास्त आहे. पंख्यांत त्यावर रात्रंदिवस घरच्या विजेचा दाब असतो, व पापुद्र्यास सूक्ष्म छिद्रें पडून त्याचा थोडा थोडा भाग निकामी होत जातो. स्पीकरांत दाब तो किती? शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीनें आठ ओहमवर चालविला, तरी शिखरावर चाळीस व्होल्ट. आणि घरांत गाणें ऐकतांना त्याचा एक लहानसा अंश. जो शेत नांगरीत होता त्यास अंगणांतील तुळशीस पाणी घालावयास ठेवण्यासारखें हें आहे. मात्र पंख्यांतून काढलेला जुना ठोकळा वापरूं नये, नवाच घ्यावा, व घेतल्यावर मोजून घ्यावा.

तरीहि पुतण्या म्हणेल, "काका, महाग कंडेन्सर घातल्यावर फरक ऐकूं येतो हें शेंकडों लोक सांगतात, त्यांचें प्रत्यक्ष प्रमाण आपण नाकारतां काय?" आमच्या न्यायशास्त्रकारांनीं प्रत्यक्षास पहिलें स्थान दिलें हें खरें, पण प्रत्यक्ष हें निर्दोष इंद्रियाचें असावें लागतें, दोरीवर साप दिसतो तेव्हां डोळेहि उघडेच असतात. ध्वनिवर्धकांच्या अभ्यासांत नांवाजलेले फ्लॉइड टूल व त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांस त्याच त्या पेट्या एकदां उघड्या दिसत असतां व एकदां पडद्याआड ठेवून ऐकविल्या. डोळ्यांसमोर असतां भारदस्त व महाग पेट्यांस गुण अधिक पडले, लहान व स्वस्त पेटीस कमी; पडदा ओढतांच तें अंतर पुष्कळसें ओसरलें. याहून मौजेची गोष्ट अशी, कीं पेटीची जागा बदलल्यानें आवाजांत जो खराखुरा फरक पडत होता, तो डोळे उघडे असतांना श्रोत्यांस कमी जाणवला. हे श्रोते कोणी अडाणी नव्हते. ध्वनियंत्रें करणाऱ्या कारखान्याचेच नोकर होते. स्वतः सोनें मोजून आणलेला कंडेन्सर स्वतःच डाख देऊन बसविला, आणि त्यानंतर आवाज सुधारला नाहीं असें ज्यास वाटेल, असा विरक्त पुरुष आमच्या पाहण्यांत नाहीं.

घरच्या घरीं अन्वय-व्यतिरेकानें परीक्षा करणें कठीण नाहीं, आणि सुटींत मुलांस तो एक उत्तम खेळ होईल. एकाच पेटींतील कंडेन्सर बदलावा. दुसरी जशी आहे तशीच ठेवावी. दोन्ही पेट्या शेजारीं शेजारीं ठेवून पुढें एक पातळ लुगडें टांगावें. दोहोंस एकच ध्वनि जाईल अशी ॲम्प्लिफायरची कळ फिरवावी. पडद्यामागें सूनबाईंनीं अगर नातवानें नाणें उडवून कौल येईल ती पेटी वाजवावी, व श्रोत्यांनीं एकमेकांशीं न बोलतां चिठ्ठीवर "नवी" किंवा "जुनी" लिहावें. अशा सोळा खेपा कराव्या. सोळांपैकीं बारा बरोबर आल्या, तर नुसत्या दैवानें तसें होण्याचा संभव शंभरांत सुमारें चारच. तेव्हां फरक खरा समजण्यास हरकत नाहीं. आठ-नऊ आल्या, तर अठरा हजारांनीं पत्रे बदलावे. हीच परीक्षा कांहींहि बदलण्यापूर्वीं एकदां करून ठेवावी हें उत्तम, कारण दोन जुन्या पेट्यांत मूळचाच फरक असतो, व तो नव्या कंडेन्सरच्या पदरीं पडतां कामा नये. ऐकावयास तंबोऱ्याचा संथ झंकार घ्यावा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या या कामास निरुपयोगी. त्यांवर मुळांत पांच-सात हजार हर्ट्झच्या वर फारसें कांहीं कोरलेलेंच नसतें, आणि असतो तो खरखराट.

वहिनींच्या भीतीकडे आम्ही मुद्दाम शेवटीं वळत आहों, कारण ती सर्वांत विचार करण्याजोगी आहे. आवाज बदलतो, व तो दोन प्रकारें बदलतो. मूळ कारागिरानें इलेक्ट्रोलिटिक वापरला, तेव्हां त्याचा अंगचा रोध, समजा अर्धा ओहम, हिशेबांत धरूनच ट्वीटरचा तोल ठरविला असण्याचा संभव आहे. त्या जागीं जवळजवळ रोधहीन पॉलिप्रॉपिलीन बसविला, कीं ट्वीटर अर्ध्या डेसिबलनें वर चढतो. प्रथम ऐकतांना "वाहवा, किती स्वच्छ!" असें होतें, आणि आठवड्याभरानें गाणाऱ्याचा 'स' टोंचूं लागतो. यावर उपाय दहा रुपयांचा आहे: नव्या कंडेन्सरशीं मालिकेंत अर्ध्या ओहमचा, पांच वॅटचा रोधक जोडावा. वूफरच्या दोन टोकांना समांतर जो कंडेन्सर असतो, त्याच्या बाबतींत तर हा विचार अधिकच करावा, किंवा तो मोजून बरा निघाल्यास तसाच ठेवावा. नवा घालावयाचाच, तर त्याच जातीचा म्हणजे दुतोंडी इलेक्ट्रोलिटिक घातल्यानेंहि कांहीं बिघडत नाहीं. तो अजून मिळतो व वीस-तीस वर्षें काम देतो. दुसरा प्रकार म्हणजे जो आवाज वहिनींच्या कानांत बसला आहे तो कोणता हें पाहणें. पेटी नवी असतांनाचा, कीं कंडेन्सर आटत आटत गेलेल्या गेल्या दहा वर्षांतला? बदल इतका सावकाश होतो कीं घरांतल्यांस तो कळत नाहीं. रोज पाहिलेलें मूल वाढलेलें जसें दिसत नाहीं. म्हणून जुने तुकडे टाकून न देतां, नांव-जागा लिहून पाकिटांत ठेवावे. घरांतल्यांस नवा आवाज रुचला नाहीं, तर तासाभरांत जुने परत बसवितां येतात. एवढें आश्वासन वहिनींस दिल्यावर त्यांची हरकत राहणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

प्रत्यक्ष कृतीविषयीं थोडें. पत्रासोबत पुतण्यानें पाठविलेल्या छायाचित्रांत प्रत्येक पेटींत ५ व १० मायक्रोफॅरडचे दोनच दुतोंडी इलेक्ट्रोलिटिक दिसतात. काम अवघड नाहीं. ॲम्प्लिफायरची तार आधीं काढावी. वूफरचे स्क्रू सोडून तो उचलतांना हात घट्ट असावा. पान्याचें टोंक सुटून कागदी पडद्यांतून आरपार गेलेलें आम्हीं ऐकलें आहे, आणि त्या जखमेस औषध नाहीं. एकहि तार सोडण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें व हातानें आकृतीहि काढावी. आकृति काढतांना जें समजतें तें छायाचित्रानें समजत नाहीं. कंडेन्सर मोजावयाचा तर त्याचें निदान एक टोंक मोकळें केल्यावांचून मोजूं नये, नाहीं तर शेजारच्या कॉइलचा व ट्वीटरचाहि हिशेब त्यांत मिसळतो. साध्या मल्टिमीटरवर धारिता कळते, रोध कळत नाहीं. त्यासाठीं एलसीआर मीटर लागतो, जो एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेंत किंवा चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळूं शकतो. मापापासून दहा टक्के इकडे-तिकडे असेल, तर तो नवा असतांनाहि कदाचित् तसाच होता, कारण इलेक्ट्रोलिटिकमध्यें दहा-वीस टक्क्यांची सूट धरलेलीच असे.

नवा घेतांना त्याचें माप तेंच असावें. व्होल्ट अधिक असले तर चालतात, कमी चालत नाहींत. शंभर व्होल्टांचा कोणत्याहि घरास पुरतो. ज्याच्या एका टोंकास ऋण चिन्ह आहे असा एकतोंडी इलेक्ट्रोलिटिक येथें कदापि घालूं नये. स्पीकरांतला प्रवाह दोन्ही दिशांनीं वाहतो, व एकतोंडी त्यांत फुगून फुटूं शकतो. पांच न मिळाल्यास ४.७ चालतो, आणि पंख्याचे दोन ठोकळे तर आहेतच. दहा मायक्रोफॅरडचा साधा पॉलिप्रॉपिलीनहि थोडक्या पैशांत मिळतो. दोन्ही पेट्यांचें काम, रोधकांसह, हजार-बाराशें रुपयांच्या आंत व्हावें असा आमचा अंदाज आहे. डाख देतांना राळेच्या गाभ्याची तार वापरावी, खिडकी उघडी ठेवावी, व शिसें हाताळल्यावर हात साबणानें धुतल्याशिवाय ताटावर बसूं नये. कंडेन्सर जड असल्यास नुसत्या डाखेवर लोंबत ठेवूं नये. खर्जाच्या हादऱ्यानें तो सुटतो. प्लास्टिकच्या पट्टीनें बांधावा. फार जुन्या, १९७० च्या दशकाच्या आधींच्या पेटींत तेलानें भरलेला पत्र्याचा डबा आढळला व तो पाझरत असला, तर त्यास उघड्या हातानें स्पर्श करूं नये. त्या काळच्या कांहीं तेलांत पीसीबी नांवाचें विषारी द्रव्य असे. पेटीच्या क्रॉसओव्हरशीं घरच्या विजेचा संबंध येत नाहीं, म्हणून हें काम कॉलेजांतल्या मुलामुलींनीं करण्यास हरकत नाहीं. ॲम्प्लिफायरचें झांकण मात्र त्यांनीं त्याच उत्साहांत उघडूं नये. त्यांतील कंडेन्सर कांहीं वेळ भार धरून ठेवतात व जिवावर बेतूं शकतें.

पेटी उघडलीच आहे तर वूफरच्या कडेची वळी बोटानें हलकेच दाबून पाहावी. ती फोमची असेल तर चाळीस वर्षांत ती भुगा झालेली असण्याचा फार संभव आहे, व मग कंडेन्सरच्या गोष्टी बोलण्यांत अर्थ नाहीं. आधीं ती बदलावी. ट्वीटरचा आवाज कमीजास्त करणारी कळ मागील बाजूस असेल, तर ती दहा-वीस वेळां फिरवावी. आंतील गंजानें ट्वीटर अर्धवट मुका झालेला असतो, आणि नुसत्या फिरविण्यानें बोलूं लागतो. कित्येक घरांतील "मंद आवाजा"चा निकाल येथेंच, एक पैहि खर्च न होतां लागेल.

आणि हें सर्व करण्यापूर्वीं त्या पत्रलेखकांनीं एक साधी गोष्ट करावी. घरांतील पंधरा-वीस वर्षांच्या मुलांस त्या पेट्यांपुढें बसवून, तंबोऱ्याची जवारी स्पष्ट ऐकूं येते काय हें विचारावें. त्यांसहि ती दबलेली वाटली तर पेटी उघडावी. त्यांस ती लख्ख ऐकूं येत असेल आणि फक्त वडील बंधूंसच येत नसेल, तर दोष पेटीचा नव्हे. वयोमानानें कान प्रथम तीव्र स्वरच गमावतो, आणि तोहि कंडेन्सरइतक्याच सावकाश. जेवतांना "सात" म्हटलेलें "आठ" ऐकूं येतें काय, फोनवर ते वारंवार "काय, काय?" करतात काय, चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं गप्प बसतात काय, याकडे वहिनींचें लक्ष असेलच. तसें असल्यास तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या गांवीं कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन श्रवणाची तपासणी करून घ्यावी. अर्ध्या तासाचें काम आहे, दुखत नाहीं. त्या अठरा हजारांचा पहिला हक्क मग पत्र्यांचाहि नाहीं.

पेटी उघडून काम केलेंच, तर शेवटीं एक करावें. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तारीख, कोणते कंडेन्सर काढले, कोणते बसविले, रोधक घातला असल्यास किती ओहमचा, व जुने तुकडे घरांत कोठें ठेविले आहेत, हें बॉलपेननें सुवाच्य लिहून तो कागद पेटीच्या आंतल्या भिंतीस चिकटवावा आणि मगच वूफरचे स्क्रू आंवळावे.